बेगमसाहेबांच्या बहिणीची लंडनची पत्रं

राजपुरी खाडीच्या टोकाला आमचं म्हसळं. 1948 मध्ये विलीन होईपर्यंत हा जंजिरा संस्थानाचा मुलूख. इथे इतिहासाचा विषय निघाला की गडी थेट जंजिरा किल्ल्यावरच्या कलालबांगडी तोफेवर चढतात. मला तोफेपेक्षा एका बाईची पत्रं जास्त बोलकी वाटतात.

नवाब सिद्दी अहमदखानांच्या बेगम नाझली मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. त्यांची धाकटी बहीण अतिया 1906 मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे कॉलेजात गेली. तिथून ती थोरल्या जोहराला उर्दूत पत्रं लिही. लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात ती छापून येत आणि पडद्यातल्या बायका ती वाचत. 1921 मध्ये त्या पत्रांचं 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झालं.

लिहिण्याची सवय माहेरचीच. तय्यबजी-फैजी गोतावळ्यात 'अखबार' नावाची वही असे. आजारपण, पाहुणे, सहल, जे घडेल ते घरातल्या कुणीही त्यात टिपावं. त्यामुळे लंडनहूनही अभ्यासाच्या बरोबरीने खाणंपिणं, पेहराव, भेटीगाठी कागदावर उतरल्या. 1907 मध्ये लंडनमध्येच तिची कवी इक्बालांशी ओळख झाली, आणि अभ्यासक तिथेच अडकून बसतात! जणू बाकीचं वर्ष ती जेवलीच नाही. शिक्षण अर्धवट सोडून ती त्याच वर्षी परतली.

1908 मध्ये खुद्द बेगमसाहेब नवाबांबरोबर युरोपला गेल्या, अतियाही संगतीला होती. नाझलींनी 'सैर-ए-युरोप' लिहिलं. ते राणीचं प्रवासवर्णन. दिमतीला माणसं असली की रोजच्या संसाराची झळ लागत नाही. मला विद्यार्थिनीची पत्रं जवळची वाटतात.

त्याच काळात हबसाणातले, म्हणजे जंजिऱ्याच्या मुलखातले, आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुरुष दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला पोट भरत होते. बहुतेकांच्या बायका मागे गावीच, भात लावत, सुकट वाळवत. केपच्या 1906 च्या कायद्यानंतर गावी यायचं तर मुदतीचा परवाना लागे. मुदत टळली की परतीची वाट बंद. त्यामुळे नवरा घरी आला तरी नजर तारखेवर. ज्या थोड्या बायका तिकडे गेल्या, त्या सरकारी कागदांत नवऱ्याच्या नावाखाली सापडतात. त्यांची पत्रं छापायला लाहोरचं साप्ताहिक नव्हतं. म्हणून आमच्याकडे कुणाच्या पेटीतून केपचं जुनं पत्र निघालं, तर सलाम-दुआ आणि पैशांचा हिशेब ओलांडून मी आधी घरातल्या बाईबद्दलची ओळ शोधते.