मॉनिटरची कुळकथा

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेली कोल्हापूर-बेळगावकडची कुटुंबे मुलांसाठी शाळा बघायला निघाली की ‘कॉन्व्हेंट आहे का’ असे विचारतात. त्यांना खरे विचारायचे असते ते ‘शिस्त आहे का’ हेच. प्रवेश झाला की शाळेची डायरी घरी येते. पहिल्या पानावर प्रार्थना, पुढे नियम: केस कानावर नकोत, नखे कापलेली हवीत, आवारात इंग्रजीतच बोलायचे. मागे शेऱ्यांचे रकाने आणि पालकांच्या सहीला जागा. हे नियम रोज राबवतो तो शर्टाला बिल्ला लावलेला नऊ-दहा वर्षांचा मॉनिटर. बाई वर्गाबाहेर पडल्या की तो खडू उचलतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहू लागतो. पुन्हा बोलला की नावापुढे फुली.

पोरांवर पोरच नेमायची ही युक्ती ख्रिस्ती शाळांत फार जुनी आहे. जेझुइट पाद्र्यांनी आपल्या शाळांची नियमावली १५९९मध्ये पक्की केली. तीत वर्गाच्या तुकड्या पाडून प्रत्येकीवर एक विद्यार्थी नेमलेला असे. पाठांतर तोच ऐकून घेई, कोण चुकले हे तोच गुरुजींना सांगे. बोलायचे लॅटिनमध्येच. छडी मात्र पाद्र्याने हातात धरायची नाही. त्यासाठी संस्थेबाहेरचा माणूस ठेवायचा. शिक्षा हवी, पण ती आपल्या हाताने नको, ही सोय तेव्हापासूनची.

पण आजच्या मॉनिटरचे जवळचे गोत्र बंगळूरपासून साडेतीनशे किलोमीटरवर, मद्रासच्या एग्मोरमध्ये सापडते. तिथे गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रम होता. १७८९मध्ये त्याची सूत्रे अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. शिकवणारे मास्तर निरुत्साही, मुले कंटाळलेली. एका सकाळी घोड्यावरून जाताना बेलला गावठी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना दिसली. त्याने तेच आश्रमात सुरू करायला सांगितले. मास्तर म्हणाले, जमणार नाही. तेव्हा बेलने शिपायाचा पोर असलेल्या आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्कनला खालच्या वर्गापुढे उभे केले, आणि मास्तरांना न जमलेले काम त्या पोराने करून दाखवले. आपल्याकडच्या पंतोजीला यात नवल वाटले नसते. धूळपाटी त्याच्याकडे होतीच, आणि एकाने सांगायचे, बाकीच्यांनी म्हणायचे, अशी परवचाही.

बेलच्या आश्रमात एक काळी वहीही होती. आळस, खोड्या, मारामाऱ्या यांची नोंद तीत व्हायची. आठवड्यातून एकदा ती सगळ्यांसमोर उघडायची आणि मुलांमधूनच निवडलेले पंच बसायचे. दोषी कोण, शिक्षा किती, हे पोरे ठरवत. सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच, आणि तोच पुढे टिकला नाही.

बेलने १७९७मध्ये लंडनला या प्रयोगावर पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने तिथे गरिबांची शाळा काढली आणि एका मास्तराच्या हाताखाली, मॉनिटरांच्या जोरावर, शेकडो मुले शिकवून दाखवली. फटके त्याला मान्य नव्हते. त्याऐवजी तो उनाड पोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवी, ओढाळ गुराला लोढणे बांधावे तसा. काहींना टोपलीत घालून छताला टांगले जाई. पंतोजीच्या कोदंडाच्या शिक्षेपेक्षा हे सौम्य होते असे म्हणवत नाही.

मद्रासहून गेलेली ही पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन परत आली. १८१५मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या भायखळ्याच्या शाळा १९२५मध्ये देवळालीला गेल्या, तीच आजची बार्न्स स्कूल. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत सरकारी आश्रयाने निघालेल्या मराठी शाळांतही लँकेस्टरची पद्धत शिकवून तयार केलेले पंतोजी धाडले गेले.

बिल्ल्याचा थाट मात्र निराळ्या घराण्यातला. जॉर्ज कॉटन हा इंग्लंडातल्या रग्बी शाळेत हेडमास्तर थॉमस आर्नल्डच्या हाताखाली तयार झालेला मास्तर. मार्लबरोची बंडखोर शाळा त्याने प्रीफेक्ट, म्हणजे धाकट्यांवर नेमलेली थोरली मुले, आणि खेळ यांच्या बळावर ताळ्यावर आणली, आणि १८५८मध्ये तो कलकत्त्याचा बिशप होऊन आला. पुढच्या वर्षी सिमल्याची शाळा निघाली, १८६५मध्ये बंगळूरची बिशप कॉटन स्कूल. कॉटन स्वतः १८६६मध्ये कुष्टियाला नदीत पडून बुडाला. प्रीफेक्ट, हाऊस, हाऊसची ढाल हे सगळे त्याच्या शाळांतून झिरपत पुढे मिशनशी काडीचाही संबंध नसलेल्या शाळांपर्यंत पोचले.

सौम्य शिस्तीची परंपराही जवळच सापडते: बोम्मसंद्र्याशेजारी हेब्बगोडीला सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाच्या मिशनरी संघाची संस्था आहे. नागपूरच्या सदरमधली १८७०ची एसएफएस शाळा त्याच संघाची. हा संत सौम्यपणासाठी ओळखला जाई. डॉन बॉस्को या पाद्र्याने त्याचेच नाव आपल्या संघाला दिले आणि १८७७मध्ये लिहून ठेवले की मुलगा चुकण्याची वाट बघत बसू नका, त्याच्याबरोबर असा. पुढे आपल्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानेही त्याच दिशेने जात मार आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले.

मॉनिटर मात्र आहे तिथेच आहे, फक्त त्याचे काम अर्धे झाले. फ्रिस्कन आधी शिकवायचा. वर्ग गप्प बसायचा तो त्यामुळे. आजच्या मॉनिटरला शिकवायचे काही नसते, नुसती पहारेदारी. मित्राचे नाव लिहिले तर मैत्री जाते, न लिहिले तर बिल्ला. बेलची काळी वहीही आता ॲपमध्ये गेली आहे. पोरगा स्कूलबसमध्ये बसायच्या आत शेरा बापाच्या मोबाइलवर, कारखान्यात जाऊन पोचतो. पंचांपुढे उभे राहून आपली बाजू सांगायची सोय तेवढी त्या ॲपमध्ये नाही.