घोळणा फुटला, पण कशामुळे?

दिवस गेलेल्या बाईचा घोळणा फुटला की आमच्या पुरुषोत्तमनगरला उत्तर तयारच असतं: ‘उष्णता झाली.’ शहाद्याजवळचं, साखर कारखान्याचं हे गाव. इथलं एप्रिलचं ऊन बघता हे उत्तर खोडणं अवघडच. पण तुम्ही संशोधनाकडे निघालाय ना? मग विचारा, त्याच उन्हातल्या बाकीच्या बायकांचं काय?

हा प्रश्न राहून गेला की काय होतं, ते बघा. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांमध्ये एक मत आहे: पाळी थांबलेल्या बाईच्या नाकातून रक्त येणं चांगलं. म्हणजे अडलेलं रक्त दुसरी वाट काढतं. निरीक्षणात तथ्य होतं, कारण गरोदरपणात पाळी थांबते आणि नाकातून रक्तही येतं. चुकला तो खुलासा. तो मात्र शतकानुशतकं टिकला.

१८८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन नोलंड मॅकेन्झी यांनी नाक आणि जननेंद्रियांचा संबंध नव्याने मांडला. १८९७ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. फ्लीस नाकात ठरावीक जागी कोकेन लावायचे. पाळीचं दुखणं थांबलं की संबंध सिद्ध! अहो, कोकेन नाकातून थेट रक्तात जातं. हा दुसरा खुलासा समोर उभा असताना त्याला पुरावा कसा म्हणायचं?

किंमत मोजली एमा एकस्टाइनने. ती फ्रॉइडची रुग्ण. १८९५ मध्ये फ्लीसने व्हिएन्नात तिच्या नाकावर शस्त्रक्रिया केली. पुढे काही आठवड्यांनी तिला भयंकर रक्तस्राव झाला. दुसऱ्या सर्जनने नाकातून सुमारे अर्धा मीटर लांब कापडी पट्टी ओढून काढली. फ्लीस ती आतच विसरला होता! ती कशीबशी वाचली, चेहरा कायमचा बिघडला. आणि पुढच्याच वर्षी फ्रॉइड मित्राला पत्रातून कळवतो की तिचा रक्तस्राव मानसिक होता. सिद्धांत वाचवायला पुराव्याचाच अर्थ बदलायचा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आजचा खुलासा साधा आहे. इस्ट्रोजेन वाढतं, नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. शरीरातलं रक्तही पहिल्या तिमाहीपासूनच वाढू लागतं आणि शेवटी ४०-५० टक्क्यांपर्यंत जातं. कोरड्या हवेने ही त्वचा लवकर फुटते, म्हणजे ‘उष्णता’ अगदीच खोटी नाही. २००९ च्या एका अभ्यासात सुमारे २० टक्के गरोदर बायकांना हा त्रास दिसला, गरोदर नसलेल्यांत सुमारे ६ टक्के. तुलनेचा गट ठेवला म्हणून हे कळलं.

घरात कुणाला झालं तर मान मागे टाकायला लावू नका. पुढे झुकून बसवा, नाकाचा मऊ भाग १०-१५ मिनिटं दाबून धरा. अर्ध्या तासात थांबलं नाही, हिरड्यांतूनही रक्त आलं किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर दवाखाना गाठा. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आहे, गरोदरपणात रक्त कमी असलेल्या बायकाही पुष्कळ. त्यामुळे वारंवार घोळणा फुटत असेल, तर ‘उष्णता’ म्हणून सोडून देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.