नर कोणता, मादी कोणती? स्क्रूवर्म माशीच्या निर्मूलनाचा इतिहास

१/ गुरांच्या जखमेत किडे पडणे पशुपालकांना नवे नाही. बहुतेक माश्यांच्या अळ्या सडलेले मांस खातात. अमेरिका खंडातील स्क्रूवर्म माशीच्या अळ्या मात्र जिवंत प्राण्याचे जिवंत मांस खातात. वासराची ओली नाळ किंवा गोचिडीचा चावाही त्यांना पुरेसा असतो. उपचार न झाल्यास धडधाकट जनावर एक-दोन आठवड्यांत दगावते. माणूसही याला अपवाद नाही. १८५८ मध्ये फ्रेंच वैद्य कोकरेल यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘नरभक्षक’ असा आहे.

२/ तरीही अनेक दशके शत्रूची ओळख चुकत राहिली. मेलेल्या जनावरांवर वाढणारी, दिसायला तशीच असलेली दुसरी माशी गुन्हेगार मानली गेली आणि पशुपालक मृत जनावरे जाळत राहिले. १९३३ मध्ये कुशिंग आणि पॅटन यांनी या दोन स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखवले. त्यांचा मुख्य पुरावा होता नर माशीच्या जननांगांची रचना. पॅटन यांनी पूर्वी भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले होते.

३/ नर आणि मादी ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शक लागत नाही. माशीचे डोके समोरून पाहावे. नराचे दोन्ही डोळे कपाळावर अगदी जवळ आलेले असतात. मादीच्या डोळ्यांत स्पष्ट अंतर असते. वर्तनातही फरक आहे. नर झाडाझुडपांवर मादीची वाट पाहत बसतो. अंडी घालायला जखमेवर येते ती मादीच. एका वेळी ती साधारण दोन-तीनशे अंडी घालते.

४/ १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये एडवर्ड निपलिंग यांनी आणखी एक फरक हेरला. नर अनेकदा समागम करतो. मादी सहसा आयुष्यात एकदाच. तो एकमेव जोडीदार निर्बीज असेल, तर तिची सारी अंडी वाया जातील. रेमंड बुशलँड यांनी मांस आणि रक्ताच्या मिश्रणावर या अळ्या प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत बसवली होती. अडचण एकच होती : नर निर्बीज करायचे कसे?

५/ उत्तर १९५० मध्ये सापडले. हर्मन मुलर यांचे किरणोत्सर्गाच्या आनुवंशिक परिणामांवरील लेखन निपलिंग यांच्यासमोर आले. बुशलँड यांनी माशीच्या कोषांवर क्ष-किरण सोडले. माश्या जगल्या, उडाल्या, जोडीदार शोधू लागल्या. संतती मात्र झाली नाही.

६/ येथे नर-मादीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डोळ्यांतील फरक प्रौढ माशीत दिसतो, पण किरण द्यायचे ते कोषावस्थेत, आणि कवचाआड सारे कोष सारखेच. लाखो कोष निवडणे अशक्य होते. त्यामुळे दोघांनाही निर्बीज करून एकत्र सोडण्यात आले. निम्मे खाद्य माद्यांवर खर्च झाले आणि सोडलेले बरेच नर त्याच निर्बीज माद्यांमध्ये गुंतले. ही उणीव प्रचंड संख्येने भरून काढावी लागली.

७/ फ्लोरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावरील चाचणी आशादायक ठरली. पण मुख्य भूमीवरून नव्या माश्या येत राहिल्या. म्हणून १९५४ मध्ये दूरचे कुरासाव बेट निवडले गेले. यश मोजण्याची रीत साधी होती : बकऱ्यांच्या जखमांवरील अंडी गोळा करायची आणि किती फुटतात ते पाहायचे. न फुटणारी अंडी वाढत गेली; काही महिन्यांतच बेटावरून माशी नाहीशी झाली.

८/ १९५८-५९ मध्ये फ्लोरिडासह अमेरिकेचा आग्नेय भाग मुक्त झाला, १९९१ मध्ये मेक्सिको. लिबियात ही माशी पोहोचली, तेव्हा मेक्सिकोतून विमानाने निर्बीज माश्या नेऊन तेथील साथ संपवण्यात आली. १९९२ मध्ये निपलिंग आणि बुशलँड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

९/ २०१६ मध्ये संशोधकांनी असा वाण जाहीर केला, ज्यात खाद्यातील टेट्रासायक्लिन काढताच माद्या मरतात आणि नरच उरतात. निवडीचे जे काम हातांना जमले नाही, ते जनुकांवर सोपवण्यात आले. दरम्यान, २०२३ पासून ही माशी मध्य अमेरिकेत पुन्हा पसरली आणि २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोत पोहोचली. एकदा मिळवलेला विजय दर आठवड्याला नव्या माश्या सोडूनच टिकवावा लागतो, हे या इतिहासाचे अपूर्ण प्रकरण आहे.