खांद्याला चार माणसे

'ग्रामण्य' हा शब्द आता बोलण्यातून गेला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास' लिहिला, तेव्हा तो जिवंत होता. पुण्यात १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहाने केवढे वादळ उठवले, हे आपण वर्गात सांगतो आणि विद्यार्थी हसतात. त्या हसण्यात एक गोष्ट निसटते. बहिष्कृत माणसाला पहिली चिंता पडते ती मताची नसते. मुलीचे लग्न कुठे जमवायचे आणि मयताला खांदा कोण देणार, ही असते. पंथाबाहेर पडलेल्यांना आधार देण्याचा विचार म्हणूनच तिथून सुरू करावा लागतो, असे आम्हाला वाटते. दाऊदी बोहरा समाजातील सुधारकांचा इतिहास हे त्याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे.

या समाजात धर्मगुरू सय्यदना यांच्याशी निष्ठेची शपथ, म्हणजे 'मिसाक', घ्यावी लागते. निकाहासारख्या विधींना त्यांची 'रजा', म्हणजे परवानगी, लागते. बहिष्काराला 'बरात' म्हणतात. बरात झालेल्या माणसाशी आप्तांनीही संबंध तोडावेत, अशी अपेक्षा असते. मशीद आणि कबरस्तान दोन्ही त्याला बंद होतात. व्यापारी समाजात उधारी आणि गिऱ्हाइकी नात्यागोत्यातूनच चालते, त्यामुळे दुकानही बसते.

मुंबई राज्याने १९४९ साली कायदा करून असा बहिष्कार अवैध ठरवला होता. सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणे हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, अशी बहुमताची भूमिका होती. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे बोलले. बहिष्कृताची अवस्था त्यांना अस्पृश्याच्या अवस्थेजवळची वाटली. मराठी वाचकाला हा धागा उलगडून सांगण्याची गरज नाही.

कायद्याचे छत्र गेल्यावर उरला तो माणसांचाच आधार, आणि तो उभा राहिला उदयपुरात. तिथल्या तरुण बोहऱ्यांनी १९७० च्या नगरपालिका निवडणुकीत धर्मपीठाच्या पसंतीच्या उमेदवारांविरुद्ध आपले उमेदवार उभे करून निवडून आणले. तंटा झाला तो एवढ्यावरून. त्यात सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता. १९७५ साली गलियाकोटच्या दर्ग्यात उदयपूरच्या यात्रेकरूंना, त्यांत स्त्रियांनाही, मारहाण झाली आणि तडा कायमचा झाला. मात्र इथे एकेकटी माणसे बाहेर पडली नाहीत. हजारोंचा जमाव एकदम बाहेर पडला. त्यांनी निकाह रजेवाचून लावले, सामुदायिक विवाह केले, मशिदींवरचा आणि कबरस्तानावरचा आपला हक्क सोडला नाही, सहकारी बँक काढली. एका अर्थी ही दुसरी जमातच झाली. आपण धर्म सोडला असे ते कधी म्हणाले नाहीत. आम्ही बोहराच आहोत, हाच त्यांचा आग्रह राहिला. धर्म सोडून न जाता धर्मपीठाची सत्ता नाकारणे अधिक कठीण, कारण त्याला दुसऱ्या धर्माचे घर मिळत नाही.

१९७७ साली उदयपुरात परिषद भरली, दाऊदी बोहरा समाजाचे मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले आणि असगर अली इंजिनीयर त्याचे सरचिटणीस झाले. हे आमिलाचे चिरंजीव, म्हणजे पीठाच्या स्थानिक प्रतिनिधीच्या घरातले. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेले. जयप्रकाशांच्या 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी'ने नेमलेल्या नाथवानी आयोगाने १९७९ साली अहवाल दिला. त्यात बहिष्कृतांच्या साक्षी छापल्या गेल्या. घरातल्या घरात सोसलेले दुःख प्रथमच सार्वजनिक कागदावर आले, आणि आम्हाला हेही आधाराचेच एक रूप वाटते. धर्मपीठाला तो आयोगच मान्य नव्हता.

मुंबईतले चित्र मात्र वेगळे. इथे सुधारक थोडे आणि विखुरलेले होते. उदयपुरात गल्लीच्या गल्ली सोबत होती. मुंबईत बरात झालेल्या कुटुंबाला एखाद्या चाळीत किंवा इमारतीत एकट्याने दिवस काढावे लागत. सभा, पत्रके आणि वृत्तपत्रांतील लेख होते, पण लेखाने लग्न जमत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये इंजिनीयर यांच्या सांताक्रूझमधील घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो मुख्यतः जातपंचायतींच्या छळाच्या संदर्भात. आणि १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

इंजिनीयर १४ मे २०१३ रोजी मुंबईत वारले. त्यांचे दफन सांताक्रूझच्या मुस्लिम कबरस्तानात झाले. अली सरदार जाफरी, मजरूह सुलतानपुरी आणि कैफी आझमी हे त्यांचे प्रगतिशील लेखकमित्र त्याआधी तिथेच विसावले होते.