डॉर्टची धर्मसभा
१. डॉर्टची धर्मसभा (१६१८–१९) : लायडन विद्यापीठातले प्राध्यापक आर्मिनियस १६०९मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन काढले. माणूस पुढे विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव त्याला तारणासाठी निवडतो, हे त्यातले खरे वादाचे कलम. सभेने ते फेटाळले : तारणासाठी कोणाला निवडायचे हे देवच ठरवतो, आणि तेही माणसाच्या भावी विश्वासाकडे न पाहता. ‘कॅल्विनवादाची पाच तत्त्वे’ या निर्णयांतून निघाली. स्वतः कॅल्विन १५६४मध्येच निवर्तले होते. वाद निव्वळ धर्मशास्त्राचा मानणे मात्र भाबडेपणाचे. निवेदनकर्त्यांचे पाठीराखे मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा मे १६१९मध्ये शिरच्छेद झाला. याच प्रकरणात जन्मठेप झालेले कायदेपंडित ग्रोशियस १६२१मध्ये पुस्तकांच्या पेटाऱ्यात दडून तुरुंगातून निसटले. – संपा.