कुंडल रोडचा घरोबा

१९१०च्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे लोखंडी नांगर होता, यंत्रं होती, कसबी माणसं होती. नव्हती ती फक्त जागा. नव्या वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जमीन हवी होती. अशा अडचणीत औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी! १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली.

या उद्योगाची सुरुवात झाली होती ती सायकलीपासून. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तिथून ते सायकली घेऊन बेळगावला धाडायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ नाव लागलं ते या दुकानाला. पुढे हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठलं. दुरुस्तीच्या कामातून कडबा कापायचं यंत्र आलं, मग नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे तो खपवायला फार चिकाटी लागली.

कुंडलचा माळ म्हणजे निवडुंग, नाग आणि पाण्याची वानवा. तिथे आधी छपरं उभी राहिली, मग भट्टी पेटली. शंभूराव जांभेकर इंजिन सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेब. यांतले बरेचसे लोक बेळगावपासूनचे. पगारापेक्षा शब्दावर विसंबून बिऱ्हाडं घेऊन आलेले. वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगलेली माणसं नेमली. बाळासाहेबही याच वळणाचे. त्यांच्या संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. एकाने कारखान्यात आणि दुसऱ्याने राज्यकारभारात माणसावर विश्वास टाकला. दोन घराण्यांचा स्नेह टिकला तो एवढ्यासाठी; नुसत्या देण्याघेण्यावर तो इतकी वर्षं तगला नसता.

१९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. १९३०मध्ये ‘स्त्री’ मासिक आलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६मध्ये इंजिनिअर होऊन परतले. नांगराच्या जोडीला पंप आले, पुढे पुणे आणि बंगळूर इथेही कारखाने उभे राहिले.

१९४८ हे वर्ष दोन्ही घरांना जड गेलं. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. पुढल्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याची फाळणी झाली आणि औंध उत्तरेकडे राहिलं, किर्लोस्करवाडी दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात गेली. बाळासाहेब १९५१मध्ये गेले, लक्ष्मणराव १९५६मध्ये. वाडीत मात्र पंप आजही तयार होतात.

सायकलीपासून सुरू झालेला हा इतिहास लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना एका दिवसात पाहता येतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तास मिळतात. सातारा, औंध, कुंडल, किर्लोस्करवाडी, सांगली हा रस्ता त्याहून कमी अंतराचा आहे. औंधला टेकडीवरच्या श्रीभवानी संग्रहालयात थांबावं. १९३८मध्ये बाळासाहेबांनी उभारलेल्या या वास्तूत रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे. मग वाडीकडे निघावं. मधली जिल्ह्याची हद्द पाटी वाचली तरच कळते. उद्योगातही पल्ला मोठा असला की एकटा पुढारी फार लांब जात नाही. लक्ष्मणरावांच्या मागे थोरला भाऊ होता, मुलं-पुतणे होते आणि गरजेच्या वेळी न विचारता धावून येणारं दुसरं एक घर होतं. ताळेबंदात या ऋणासाठी रकाना नसतो, म्हणून संस्थेच्या इतिहासात त्याची नोंद करावी लागते.