नाव एक, उच्चार अनेक
(स्नानसंस्काराच्या वहीतील एक छोटा इतिहास)

महोत्सवाच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास द्यावा, असा प्रघात आहे. देवळाची पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोणी दिली, शाळा कधी सुरू झाली, या गोष्टी इतर लेखकांनी याच अंकात विस्ताराने सांगितल्या आहेत. आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो तो इतिहास मात्र दगडविटांचा नव्हे, तर नावांचा आहे. आणि तोही एकाच नावाचा. एका लहान मुलीच्या नामकरणाच्या निमित्ताने तो आमच्या ध्यानी आला.

गतवर्षी एक तरुण दांपत्य आपल्या कन्येच्या स्नानसंस्काराची तिथी ठरविण्यासाठी आमच्याकडे आले. पिता मूळचा रेवदंडा-कोर्लईकडचा. माता केरळातील, वडिलांच्या धाटाव येथील कारखान्यातील नोकरीमुळे रोह्यातच लहानाची मोठी झालेली. पित्याच्या आईचा आग्रह होता की, नातीचे नाव आपल्या सासूचे म्हणजे ‘इजाबेल’ असावे. तरुण मातेस वाटे की, शाळेत व परदेशी चालेल असे ‘एलिझाबेथ’ बरे. तिच्या आईने तर बाळाला ‘एलियाम्मा’ म्हणून हाक मारण्यास प्रारंभही केला होता. तीन नावे, तीन पक्ष. आणि घरात अबोला धरण्यापर्यंत मजल गेलेली. आम्ही त्यांस बसवून घेतले व म्हणालो, “बाळांनो, तुम्ही भांडता कशासाठी? तुम्ही तिघेही एकच नाव सांगत आहात!” त्यांचा विश्वास बसेना. कदाचित काही वाचकांचाही बसणार नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

या नावाचे मूळ हिब्रू भाषेत आहे. मोशेचा भाऊ अहरोन याच्या पत्नीचे नाव ‘एलिशेबा’ होते, असे निर्गमाच्या पुस्तकात आढळते. देवाला साक्ष ठेवून घेतलेली शपथ, असा त्या नावाचा आशय सांगतात. पुढे शास्त्राचे भाषांतर ग्रीकमध्ये झाले. ग्रीक भाषेत ‘श’ हा वर्ण नाही. तेव्हा त्या ठिकाणी ‘स’ आला, शेवटी त-कार जडला, आणि ‘एलिसाबेत’ झाले. लॅटिनने तेच उचलले व इंग्रजीने त्याचे ‘एलिझाबेथ’ केले. स्पेन व पोर्तुगाल या देशांत मध्ययुगात लोकांच्या तोंडी त्याचा पहिला भाग झिजला आणि ‘इजाबेल’ हे रूप रूढ झाले. हे आमचे अनुमान नव्हे. हंगेरीची संत एलिझाबेथ १२३१ साली निवर्तली. तिच्या नात्यातील एका राजकन्येस १२७१ साली तिचेच नाव देण्यात आले. ती पोर्तुगालची राणी झाली व तेथील प्रजेने तिला इजाबेल म्हटले. १६२५ साली तिला संतपद मिळाले. पवित्र सभेच्या लॅटिन पंचांगात मात्र ती एलिझाबेथच आहे. आजी व नात, नाव एक, हाक दोन!

केरळची वाट निराळी. तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाची उपासना सुरयानी भाषेत चाले, आणि सुरयानी ही हिब्रूची बहीण. म्हणून तेथे मूळचा ‘श’ टिकला व ‘एलीश्वा’ हे रूप झाले. घरगुती लाडाने एली, एलियाम्मा. १८६६ साली केरळात एतद्देशीय स्त्रियांचा पहिला कार्मेलाइट संघ स्थापन करणाऱ्या मदर एलीश्वा यांचे नाव म्हणजे हेच नाव होय. आमच्या मराठी बायबलात प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी ‘अलीशिबा’ लिहिले, तेही त्याच हिब्रू वळणावर. येणेप्रमाणे कोर्लईची आजी, केरळची आजी व मराठी बायबल ही तिन्ही एकाच विहिरीचे पाणी निरनिराळ्या घागरींनी भरीत आहेत.

आता हे पोर्तुगीज रूप आमच्या किनाऱ्यास कसे लागले ते पाहू. रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे एका काठास रेवदंडा व दुसऱ्या काठास कोर्लई आहे. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौल येथे किल्ला उभारण्यास आरंभ केला, आणि १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या हाती गेले. राज्य गेले, तोफा गेल्या. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपली पोर्तुगीजमिश्रित बोली टाकली नाही. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ती चुलीपाशी बोलली जाते. तिच्याबरोबर नावेही राहिली. मराठीत ‘जीव’ मधला ‘ज’ निराळा व ‘जाळे’ मधला निराळा, हे आपण सर्व जाणतो. इजाबेल या नावातील परका ध्वनी आमच्या आजीबाईंनी या दुसऱ्या ‘ज’ मध्ये इतका चपखल बसविला की, नाव परके आहे असे ऐकणारास वाटूच नये.

असा अनुभव केवळ आपल्या समाजाचा नाही. पेण व रोहा या गावांची नावे ज्यांनी पेणकर, रोहेकर अशी आडनावे करून मिरविली, ते बेनेइस्रायल लोक शतकानुशतके याच मातीत तेलाचा घाणा चालवीत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यात शमुवेल याचा ‘सामाजी’ व यहेज्केल याचा ‘हसाजी’ झाला. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनॅगॉग बांधणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर याच नावाने प्रसिद्ध होते. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले. शास्त्राचे वाचन वाढले, तशी जुनी हिब्रू नावे पुन्हा शुद्ध रूपात घरोघर परतली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायल देशी गेली. परंतु गावाचे नाव आडनावात बांधून नेले. आमच्या मुसलमान बांधवांच्या घरीही ‘मरियम’ आहे; त्यांच्या कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाला त्या मातेचेच नाव आहे. आपण तिला मरिया म्हणतो, इंग्रजी शाळेत तीच मेरी होते. एकाच बाजारपेठेत एकच नाव इतक्या मुखांनी उच्चारले जाते, ही या प्रदेशाची थोरवी नव्हे काय?

हिंदू शेजाऱ्यांकडे बाराव्या दिवशी बारसे होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आपल्याकडे नाव विचारतो तो धर्मगुरू, व तेही संस्काराच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून त्या नावाविषयी पवित्र सभेने काय सांगितले आहे, ते जाणणे अगत्याचे आहे. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ साली स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत नोंदविण्याचा नियम घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंस बजावले की, हास्यास्पद अथवा खोट्या दैवतांची नावे न देता संतांची नावे द्यावी. दक्षिण हिंदुस्थानातील मिशनांसाठी १७०४ साली कार्डिनल द तुर्नों यांनी काढलेल्या आज्ञापत्रात संतांच्या रोमन नामावलीतूनच नाव द्यावे असे फर्मान होते. १९१७ च्या धर्मसंहितेने थोडी सवलत दिली: आईबापांनी ख्रिस्ती नाव ठेवण्याचे नाकारलेच, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडून दोन्ही वहीत लिहावी. १९८३ च्या संहितेत केवळ एवढेच आहे की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये. म्हणजे आज करुणा, आशा, ज्योती ही नावेही आमच्या वहीत निःशंकपणे लिहिली जातात. परंतु ध्यानात घ्यावे की, या नियमांपैकी एकानेही असे म्हटलेले नाही की, नावाचा उच्चार इंग्रजीच असावा!

हे आम्ही मोठ्या तोंडाने लिहितो खरे. पण या बाबतीत आम्ही स्वतः अपराधी आहो. दीक्षा झाल्यावर पहिल्याच काही वर्षांत, एका दुसऱ्या धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू असता, एक वृद्धा आपल्या नातीस घेऊन आली. “नाव काय ठेवायचे?” आम्ही पुसले. ती म्हणाली, “इजाबेल.” सेमिनरीत शिकलेली विद्या ताजी होती. शुद्ध रूप आम्हांस ठाऊक होते ना! आम्ही वहीत लिहिले ‘एलिझाबेथ’, आणि वृद्धेस समजावून सांगितले की, संत तीच, तेव्हा काही बिघडत नाही. ती काही बोलली नाही. धर्मगुरूपुढे बोलण्याची तिला सवय नव्हती.

बिघडले ते पुढे. घरी व सरकारी दाखल्यात मुलगी इजाबेलच राहिली. आमच्या वहीत एलिझाबेथ. विवाहाच्या वेळी ती दाखल्याचा उतारा मागण्यास आली, तेव्हा दोन कागदांवर दोन मुली उभ्या! आम्हांस निरोप आला. आम्ही जाऊन साक्ष दिली, वरिष्ठांच्या संमतीने समासात टीप लिहिली गेली आणि काम निभावले. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “फादर, आजी गेली. त्या नावानं मला हाक मारणारी तीच एक होती. आता ते निदान वहीत असू द्या.” या शब्दांनी आम्हांस जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नव्हते. शुद्धीच्या अभिमानाने आम्ही एका आजीचा आवाज पुसून टाकला होता.

शुभवर्तमानकार लूक याने पहिल्याच अध्यायात एका बारशाची हकीकत दिली आहे, आणि तिची नायिका हीच एलिझाबेथ आहे. शेजारीपाजारी व नातलग बाळाला बापाचे नाव देऊ पाहत होते. आई म्हणाली, तसे नव्हे, त्याचे नाव योहान. कुळात असे नाव कोणाचे नाही, म्हणून लोकांनी तिचे न ऐकता बापाला खुणेने विचारले. मुक्या झखऱ्याने पाटी मागवून आईचेच शब्द लिहिले, आणि त्याची वाचा मोकळी झाली. नाव नीट ऐकून जसेच्या तसे लिहिणे हेच त्याचे त्या क्षणीचे पुण्य होते. आम्ही वहीपुढे बसलो असता हेच केले नाही.

आता दोन शब्द व्यवहाराचे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बाळाची नोंद नावाशिवायही करता येते, व नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरता येते. तेव्हा घाई करू नये. पण आळसही करू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांस शाळाप्रवेशापासून अनेक कामी जन्मदाखला हाच जन्मतिथी व जन्मस्थळ यांचा पुरावा ठरविण्यात आला आहे. म्हणून स्नानसंस्कारास येताना आईबापांनी तो दाखला बरोबर आणावा, व दोन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच असावे. देवनागरीत कसे लिहावे व इंग्रजीत कसे, हे आधी घरी ठरवावे. आणि ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीकडून ते मोठ्याने म्हणवून घ्यावे.

त्या रोह्याच्या बाळाचे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही हा सारा वृत्तांत त्या कुटुंबास सांगितला. तरुण माता काही वेळ गप्प राहिली, मग सासूकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही म्हणता तसंच लिहू या.” वहीत ‘इजाबेल’ लिहिले गेले, व आम्ही ते लिहिण्यापूर्वी आजीबाईंकडून तीनदा म्हणवून घेतले. केरळच्या आजी अद्याप एलियाम्मा म्हणतात, आणि बाळ दोन्ही हाकांना सारखेच हसते.

महोत्सवी वर्षात आमच्या वहीची पाने उलटताना प्रत्येक नावामागे अशी एखादी हाक आहे, हे आम्ही विसरणार नाही. आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणारा तो उत्तम मेंढपाळ आम्हां सर्वांस आपापल्या घरच्या उच्चारानेच ओळखो, आणि या धर्मग्रामातील सर्व कन्यांस आपल्या कृपाछत्राखाली ठेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.